अनुस्वार दिसतो का?

हे तुम्ही बहुतेक फोनवर वाचत असाल. मग आधीच सांगते, तुमच्या हातातल्या त्या वीतभर काचेवर ही मराठी अक्षरं जितकी रेखीव दिसतायत, तितकी माझ्या टेबलावरच्या मॉनिटरवर मला पंचवीसेक वर्षं दिसली नव्हती. आणि माझं पोट तर त्या मॉनिटरवरच चालत होतं.

मी इंदूरला राहते. मराठी-हिंदी मजकुराचं टाइपसेटिंग आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं, एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचं आत्मचरित्र, असं कायकाय येत असतं. १९९६ साली रामबागेजवळच्या एका छापखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तेच काम घरी आणलं. घरी एक फुकटचा आणि अतिशय कडक सहकारी मिळाला : माझ्या सासूबाई. मराठीच्या शिक्षिका होत्या. त्या हस्तलिखित मोठ्यानं वाचायच्या, मी स्क्रीनवर अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. आमची भांडणंही ऱ्हस्व-दीर्घावरूनच व्हायची.

तर आमच्या धंद्यात सगळा जीव त्या एका ठिपक्यात, अनुस्वारात. ‘बंगला विकणे आहे’ या जाहिरातीतला ठिपका गळला की ‘बगला विकणे आहे’ होतं, आणि मग ती जाहिरात गावभर फिरते. ‘पंत’चा ‘पत’ होतो, ‘रंग’चा ‘रग’ होतो. त्याखेरीज घ आणि ध, भ आणि म, ष आणि प ही भावंडं बारीक टाइपात एकमेकांचे कपडे घालून फिरतात. म्हणून मॉनिटर घेताना लोक ज्या गोष्टी विचारतात, म्हणजे गेम कसा चालेल, सिनेमा कसा दिसेल, त्याआधी माझा प्रश्न एकच : अनुस्वार दिसतो का?

छापखान्यातला माझा पहिला मॉनिटर जुन्या टीव्हीसारखा पाठीमागे पोट सुटलेला, काचेच्या नळीचा होता. सीआरटी. त्याच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनची बंदूक असते. ती पुढच्या काचेच्या आतल्या लेपावर झाडू मारल्यासारखी एकेक ओळ मारत जाते, आणि जिथे मारा होतो तिथे लेप क्षणभर चमकतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली बनवलेल्या नळीचाच हा वंशज. १५ इंची म्हणून विकलेल्या मॉनिटरची प्रत्यक्ष दिसणारी काच कर्णात १४ इंचही नसायची. दोघांनी मिळून उचलावा लागायचा. उन्हाळ्यात इंदूरला ४२ अंश असताना असे पाच मॉनिटर एका खोलीत चालू ठेवा म्हणजे भट्टी म्हणजे काय ते कळतं. काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे, आणि अख्ख्या खोलीतली धूळ तिथेच येऊन बसायची.

त्याचं खरं दुखणं मात्र लुकलुकण्याचं होतं. तो झाडू सेकंदाला ६० वेळा फिरत असेल तर समोर बघताना फारसं कळत नाही, पण शेजारच्या मॉनिटरकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की तो थरथरताना दिसतो. आपल्या नजरेची कड लुकलुक टिपण्यात मध्यभागापेक्षा तरबेज असते. संध्याकाळी सहा वाजता आम्हा चारही मुलींची डोकी धरलेली असायची. मालक म्हणायचे, चहा कमी प्या. एक दिवस दुसऱ्याच कामाला आलेल्या इंजिनिअरनं सहज सेटिंग उघडून ६०चे ८५ केले. त्या आठवड्यात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी संपली नाही. एक पैसा खर्च नाही, दोन मिनिटांचं काम.

‘रेडिएशन’ची भीती हा त्या काळातला आणखी एक विषय. मी गरोदर होते तेव्हा सासूबाईंनी मॉनिटरला लावायची ती काळपट जाळीदार काच स्वतः आणून दिली होती. नळीतून फार थोडे क्ष-किरण तयार व्हायचे हे खरं, पण ते अडवण्यासाठीच तिच्या काचेत शिसं घातलेलं असायचं. ती जाळी खिडकीची चकाकी तेवढी कमी करायची. अक्षरंही कमी करायची, म्हणून सासूबाई गेल्या की मी ती काढून ठेवायची.

एवढी नावं ठेवली तरी एक सांगते, त्या बोजड मॉनिटरचा काळा रंग खरोखर काळा होता. कुठूनही बघा, रंग तोच. आणि त्याला ठरावीक घरांचं बंधन नव्हतं. ८०० गुणिले ६०० ठेवा की १०२४ गुणिले ७६८, चित्र सारखंच गुळगुळीत. नंतर आलेल्या सपाट मॉनिटरांनी ही सोय काढून घेतली. त्यांचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. आजही कितीतरी कार्यालयांत ज्येष्ठ मंडळी अक्षर मोठं दिसावं म्हणून रिझोल्यूशन कमी करतात, आणि मग सगळंच पुसट दिसतं म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला जातात. रिझोल्यूशन मॉनिटरचं जे मूळ असेल तेच ठेवावं आणि अक्षर मोठं करायला ‘स्केल’ नावाची सेटिंग वापरावी. १२५ किंवा १५० टक्के. अक्षर मोठंही होतं आणि स्वच्छही राहतं.

आता मुळातच मराठीला स्क्रीनवर त्रास का होतो ते सांगते, कारण हे मला दुकानात कधी कुणी सांगितलं नाही. स्क्रीन म्हणजे बारीक चौकटींचा कागद. साधारण १२ पॉइंटचं अक्षर नेहमीच्या स्क्रीनवर १६ ओळींच्या उंचीत बसवायचं असतं. इंग्रजीचा a किंवा n त्यात ऐसपैस बसतो. आपल्याकडे त्याच सोळा ओळींत मधे शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘सर्वांना’ हा रोजचा शब्द घ्या. त्यातल्या ‘र्वां’च्या डोक्यावर रफार आणि त्याच्या कुशीत अनुस्वार. चार ओळींत दोघांनी राहायचं. ‘कर्तृत्व’ लिहिलंत तर वर रफार आणि खाली ऋकार. खालच्या मजल्यावर गर्दी, वरच्या मजल्यावर गर्दी.

डॉसच्या जमान्यात तर संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून सी-डॅकचं जिस्ट नावाचं वेगळं कार्डच आत बसवायला लागायचं. पुढे विंडोज २००० सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मग मायक्रोसॉफ्टनं क्लिअरटाइप नावाची युक्ती आणली. सपाट मॉनिटरचा प्रत्येक ठिपका खरं तर लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या सुट्या-सुट्या वापरल्या की आडव्या दिशेनं तिप्पट बारकावा मिळतो. इंग्रजीचं त्यानं भलं झालं, कारण त्यांच्या अक्षरांचे दांडे उभे आणि एकमेकांच्या शेजारी. आपली सगळी अडचण वर-खाली रचलेल्या मजल्यांची. तिकडे ही युक्ती जवळजवळ काहीच करत नव्हती. शिरोरेषा एक ठिपका जाड ठेवली तर काडीसारखी, दोन ठेवली तर रूळ. मधलं काही नाही.

यावर खरा उपाय एकच, ठिपके लहान करून जास्त बसवायचे. फोनवाल्यांनी तो आधी केला. २०१० साली आयफोन ४ आला त्याच्या एका इंचात ३२६ ठिपके होते. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या हातातल्या फोनमध्ये ४००च्या आसपास असतात. आणि त्याच काळात माझ्यासारख्यांच्या टेबलावरच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर? इंचाला ९२. तोच फुल एचडी २७ इंचांचा घेतलात तर ८२, म्हणजे पैसे जास्त आणि अक्षर खडबडीत. दुकानात मोठा मॉनिटर बघून मोहात पडणाऱ्यांनी हा भागाकार तेवढा करून बघावा.

माझा पहिला सपाट मॉनिटर २००८ साली आला, १९ इंची. आला तेव्हा घरात कौतुक, टेबलावर अचानक जागा, इन्व्हर्टरवरही बराच वेळ चालतोय. लिक्विड क्रिस्टल म्हणजे काय ते तेव्हा एका पुस्तकात वाचलं आणि मला फार गंमत वाटली. १८८८ साली फ्रीडरिश राइनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगावर काम करत होते. ते संयुग दोनदा वितळायचं! १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ अंशांना नितळ द्रव. त्या मधल्या गढूळ अवस्थेतून पुढे हे सगळं विश्व निघालं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे गाजराचा हलवा खाताना डोळ्यांना चांगला म्हणतात ते खोटं नाही.”

या मॉनिटरमध्ये पडदा स्वतः उजळत नाही. मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढे या द्रव स्फटिकांच्या लाखो बारीक झडपा. वीज दिली की झडप फिरते, उजेड येतो किंवा अडतो. लुकलुक गेली, वजन गेलं, भट्टी गेली. पण झडप कितीही मिटली तरी फट राहतेच, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. अंधाऱ्या खोलीत हे चटकन कळतं. आमच्या त्या स्वस्त टीएन जातीच्या पॅनलची दुसरी खोड सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पकडली. त्या माझ्या डाव्या हाताला, जरा खाली पाटावर बसून वाचायच्या आणि मधेच मान वर करून स्क्रीनवर बोट ठेवायच्या. तिथून त्यांना पान काळवंडलेलं आणि अक्षरं उलट्या फिल्मसारखी दिसायची. “तुझ्या या मॉनिटरला एकच माणूस चालतो,” असं म्हणून त्यांनी पाट सोडला आणि माझ्या शेजारी खुर्ची लावली. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये ही अडचण जवळपास नाही. घरात एका स्क्रीनसमोर दोघं-तिघं बसत असतील तर पॅनलची जात विचारून घ्या. खोक्यावर ‘एक कोटीला एक’ अशी कॉन्ट्रास्टची जी संख्या छापलेली असते तिच्याकडे साफ दुर्लक्ष करा. ती ‘डायनॅमिक’ असते, म्हणजे मागचा दिवा कमी-जास्त करून काढलेली. एका वेळी दिसणारं खरं प्रमाण आयपीएसमध्ये साधारण हजाराला एक आणि व्हीए जातीत तीन हजाराला एक.

पुढचा मॉनिटर आयपीएस घेतला. रंग चांगले, कोन चांगला, आणि डावीकडे वर एक ठिपका मेलेला. कायमचा काळा. कंपनी म्हणाली, एक-दोन ठिपके आमच्या नियमात बसतात, बदलून मिळणार नाही. इतर कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. पण मुद्रितशोधन करणाऱ्या बाईच्या पानावर एक काळा ठिपका कायमचा वसतीला! ज्या शब्दावर तो येई त्या शब्दाला अनुस्वार मिळे, आणि हिंदी मजकूर असेल तर अक्षराखाली नुक्ता. शंका आली की पान दोन ओळी वर सरकवून बघायचं. शब्दाबरोबर ठिपका सरकला तर तो व्याकरणाचा, नाही सरकला तर कंपनीचा. सात वर्षं मी हे करत होते.

रंगांबद्दल एक गोष्ट लग्नसराईत हमखास होते. मुलीचे वडील फोन पुढे करतात, “ताई, अगदी असाच राणी रंग हवा.” त्यांच्या फोनवर तो रंग जळत असतो. आता स्क्रीनचा रंग म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड, आणि छापलेला रंग म्हणजे कागदावर पडून परत आलेला उजेड. शाईच्या चार रंगांत तो झगझगीत राणी किंवा भडक केशरी बसतच नाही. छापून आला की बिचारा जरा दमलेला दिसतो. म्हणून मी रंगाची कुठलीही हमी स्क्रीनवरून देत नाही, आधी कागदावर एक तुकडा छापून हातात ठेवते. स्क्रीन स्वतःचा उजेड घेऊन येते म्हणून ती इतकी आकर्षक, आणि त्याच कारणासाठी ती छापखान्याची साक्षीदार म्हणून भरवशाची नाही.

पण त्याच उजेडानं आमच्या घरात एक मोठं काम केलं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

सहा वर्षांपूर्वी सासूबाई वाचताना अडखळायला लागल्या. आधी वाटलं मोतीबिंदू. तो तर काढून झाला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दृष्टिपटलाचा मधला भाग वयानं झिजतोय. कडेचं दिसत राहील, म्हणजे घरात वावरता येईल, पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच पुसट. वाचणाऱ्या माणसाला याहून वाईट काय असेल? वर्तमानपत्र गेलं, पोथी गेली. भिंग घेऊन पाहिलं. भिंगाखाली अक्षर मोठं होतं पण कागदावर उजेड पुरत नाही, हात थरथरला की ओळ सुटते. वर्षभर त्यांनी काही वाचलं नाही. माझ्या खोलीत यायचंही बंद केलं. मी एकटीच प्रूफं तपासत बसायची आणि ‘हे ऱ्हस्व की दीर्घ’ असं विचारायला वळायची, तर खुर्ची रिकामी.

बंगळुरूचा मुलगा म्हणाला, आजीला ई-इंकचं यंत्र घेऊन देतो. चांगली वस्तू आहे ती. कागदासारखी, बाहेरच्या उजेडावर चालते, उन्हात गच्चीवर बसून वाचता येतं, आणि पान उलटतानाच काय ती वीज लागते. पण तिच्यात पांढरा म्हणजे फिकट राखाडी आणि काळा म्हणजे गडद राखाडी. निरोगी डोळ्याला ते सुखाचं. सासूबाईंना मात्र दोन राखाड्यांत फरक करणंच अवघड झालेलं. दोन दिवस हातात धरून त्यांनी ते परत केलं. “तूच वाच यावर,” म्हणाल्या.

शेवटी कामाला आला तो त्यांच्याच खोलीतला ३२ इंची टीव्ही. तो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला आणि माझा जुना लॅपटॉप केबलनं जोडला. आकडे पाहिले तर हा घरातला सगळ्यात गरीब पडदा. १३६६ गुणिले ७६८, म्हणजे इंचाला फक्त ४९ ठिपके. सुरुवातीला अक्षरांभोवती पांढरी भुतं नाचत होती, कारण टीव्ही सिनेमासाठी चित्राच्या कडा मुद्दाम कोरून काढतो. सेटिंगमध्ये शार्पनेस खाली आणला आणि त्या केबलच्या जोडणीला ‘पीसी’ असं नाव दिलं, तशी भुतं गेली. मग काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घेतली आणि एकेक अक्षर दोन इंच उंच केलं. एवढ्या मोठ्या अक्षराला ९८ ओळी मिळतात, तिथे गरिबी कसली! आमच्या टीव्हीचं पॅनल व्हीए जातीचं आहे, काळा रंग त्यातल्या त्यात गडद. त्यावर ती अक्षरं दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी उठून दिसली.

सासूबाई दीड फुटावर खुर्ची ओढून बसल्या. मान जरा तिरकी केली. नजरेच्या मधल्या डागाला बगल द्यायला त्यांनी ती सवय लावून घेतलीय. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हा अनुस्वार केवढा झालाय! पोळपाटाएवढा.”

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढं करून पाहा. विंडोजच्या संगणकावर विंडोजचं बटण दाबून धरून अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर उघडतो, म्हणजे जे दिसतंय ते मोठं होतं. त्यातच रंग उलटे करण्याची सोय आहे. वेगळा खर्च नाही. पांढरं-काळं की काळं-पांढरं हे मात्र ज्याच्या डोळ्यांनी वाचायचं त्यालाच ठरवू द्या. मला स्वतःला काळ्यावर पांढरं सोसत नाही. माझ्या डोळ्यांत तिरकस नंबर आहे, त्यामुळे उजळ अक्षरांच्या कडा मला पसरलेल्या दिसतात. फोनच्या ‘डार्क मोड’चं जे सरसकट कौतुक चालतं त्यात हा मुद्दा हरवतो.

या वर्षी माझ्या मॉनिटरच्या दिव्यानं मान टाकली, एका कडेनं पान पिवळं पडायला लागलं. २५ हजारांच्या आसपास खर्चायची तयारी होती. मुलानं फोनवरून ओएलईडीची शिफारस केली. त्याचा स्वतःचा तसाच आहे, आणि तो मी बंगळुरूला गेले असताना डोळे भरून पाहिला आहे. ओएलईडीमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ज्याचा पाया घातला तेच हे तंत्र. त्यावरचा काळा म्हणजे अमावस्या. वेगाला तर तोड नाही. मुलाच्या गेममधला माणूस पळतो तेव्हा त्याच्या मागे धूसर शेपूट राहत नाही.

पण हे ठिपके सेंद्रिय पदार्थांचे असतात, आणि जो जास्त जळेल तो लवकर झिजतो. एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलं तर त्याची सावली कायमची उमटू शकते. माझ्या कामात पानाच्या कडेची पट्टी, वरची बटणं, डावीकडची साधनं रोज आठ तास तिथल्या तिथे. शिवाय माझं पान दिवसभर पांढरं, आणि अख्खा पडदा पांढरा झाला की हे पॅनल स्वतःला सांभाळायला उजेड कमी करतं. त्यातही बऱ्याच ओएलईडी मॉनिटरमध्ये लाल-हिरवा-निळ्याची मांडणी सरळ पट्ट्यांची नसते, त्यामुळे बारीक अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते. सिनेमा बघणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. मी ‘र्वां’कडे पाहिलं आणि मला कळलं.

आर. एन. टी. मार्गावरच्या दुकानात मी माझा पेन ड्राइव्ह घेऊनच गेले. दुकानदारानं नेहमीप्रमाणे समुद्र, पोपट आणि बर्फाचे डोंगर यांची फिल्म लावली. त्या फिल्ममध्ये सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. मी म्हटलं, भैया, ही फिल्म बंद करा आणि माझं पान उघडा. १० पॉइंटची मराठी, ठासून भरलेली. तो हसला, पण उघडलं. चार मॉनिटरवर तेच पान पाहिलं. २७ इंची फोर-के आयपीएसवर, म्हणजे इंचाला १६३ ठिपके, रफाराच्या कुशीतला अनुस्वार सुटा, गोल, आपल्या जागी बसलेला दिसला. दुकानदाराला म्हटलं, हाच बांधा. तो १४४ हर्ट्झ, एचडीआर असं काही सांगत राहिला. पान सरकवताना जास्त हर्ट्झ बरे वाटतात, ते खरं. पण स्थिर अक्षर त्यानं जास्त स्वच्छ होत नाही, आणि माझी अक्षरं पळत नाहीत.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट केली. उजेड पार कमी करून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भरभर हलवली. काही मॉनिटर उजेड कमी करायला मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. तसं असेल तर पेन्सिलीच्या सुट्या-सुट्या काड्या दिसतात. दिवा स्थिर असेल तर एकसंध धुरकट पंखा दिसतो. हे सगळ्यांना बाधत नाही. मला बाधतं, डोकं धरतं.

आता चष्म्याबद्दल. दुकानातून बाहेर पडता पडता निळा प्रकाश अडवणारा चष्मा गळ्यात मारायचा प्रयत्न झालाच. कॉक्रेन या संस्थेनं २०२३ साली या चष्म्यांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता. कॉम्प्युटरच्या कामानं येणारा डोळ्यांचा थकवा त्यानं निदान थोड्या काळात तरी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. थकव्याचं मोठं कारण साधं आहे, स्क्रीनकडे टक लावली की आपण पापण्या मिटायला विसरतो आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, हा डॉक्टरांचा नियम मी पाळते. माझ्यासाठी ते समोरच्या वाड्यातलं कडुलिंबाचं झाड. मॉनिटर हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेला किंवा जरा खाली, आणि खिडकी त्याच्या समोर नाही, मागे नाही, बाजूला. उजेड इतकाच ठेवते की पडद्यावरचं पांढरं पान आणि शेजारी टेबलावर ठेवलेला कोरा कागद सारखेच पांढरे दिसावेत. चमकदार काच की खरखरीत काच, या वादात मी खरखरीत काचेच्या बाजूची. चमकदारवर रंग खुलतात, पण दिवसभर स्वतःचंच तोंड कोण बघणार?

सध्या एका मंडळाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम चालू आहे, १६० पानं. मंडळींकडून आलेला मजकूर मी हात लावण्याआधी जसाच्या तसा सासूबाईंच्या टीव्हीवर टाकते. त्यांच्या पडद्यावर एका ओळीत दोन-तीन शब्द मावतात. बाणाचं बटण दाबत दाबत त्या दिवसाला तीन-चार पानं वाचतात, सकाळी चहानंतर आणि दुपारी झोप झाल्यावर. डोळे शिणले की थांबतात. चूक सापडली की हाक येते, आणि मी माझ्या फोर-केवर तीच ओळ शोधून दुरुस्त करते. परवा अध्यक्षांच्या मनोगतात ‘सर्वाना’ सापडलं, एकदा नाही, पाच वेळा.

“अगं, यांना सांग, पंचाहत्तर वर्षांत एक अनुस्वार घेणं झालं नाही का?”

मी पाचही ठिकाणी घातला. “घातला, आई.” त्यांच्या खोलीत बाणाचं बटण पुन्हा टकटक वाजायला लागलं होतं.